खोडीवरून ओळखलेली गाडी

त्या दिवशी पोलीस ठाण्यात ऐकलेला एक आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो. बोलणारी व्यक्ती समोर नव्हती. मोबाईलमधून आलेला तो एका बाईचा आवाज होता आणि ती कुणाची तक्रारही करत नव्हती. आपल्या गाडीबद्दल ती एक साधा प्रश्न विचारत होती.

मी तेव्हा चंद्रपूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, ड्युट्या वाटून झाल्या होत्या आणि मी स्टेशन डायरीवर सही करत होतो. तेवढ्यात आमचे जुने हवालदार आत आले.

"साहेब, सीटकव्हरवाले चाचा आले. तुमालेच भेटतो म्हणते."

चाचांना मी ओळखत होतो, पण ती ओळख जरा अवघडच होती. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. गाड्यांची सीट कव्हरं शिवायची, आतलं छताचं कापड बदलायचं, हे त्यांचं काम. दीड वर्षापूर्वी त्यांचीच गाडी चोरीला गेली होती. डिझेलवर चालणारी, सात सीटची, पांढरी, जुनी गाडी. लग्नाच्या हॉलबाहेरून भर दुपारी गेली. आम्ही गुन्हा नोंदवला, कॅमेरे पाहिले, टोलनाक्यांवर चौकशी केली, शेजारच्या जिल्ह्यांत संदेश पाठवले. काही हाती लागलं नाही. शेवटी गुन्हा खरा आहे पण तपास लागत नाही, असा अ-समरी अहवाल मी माझ्या सहीने न्यायालयात पाठवला. त्यानंतर चाचा रस्त्यात भेटले की सलाम करायचे, पण गाडीचा विषय कधी काढायचे नाहीत. ते काढत नाहीत, याचंच मला जास्त लागायचं.

चाचा खुर्चीवर बसलेच नाहीत. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, पहिले हे ऐका. मग मी बोलतो."

"राम राम भाऊ हो," मोबाईलमधली बाई बोलू लागली. "मी चामोर्शीकडून बोलून राह्यली. माया गाडीचं एक इचारायचं होतं. मागच्या काचेचा वायपर लावला का आतला छताचा लाईट आपोआप लागते. वायपर बंद केला का लाईटबी बंद. असं काऊन होते? आन सकाळी पयल्या चाबीले गाडी चालू नाई होत, दुसऱ्या चाबीले बरोबर होते. कोनाले मालूम असन तं सांगजा."

हवालदार हसले. "गाडीत भूत शिरलं असन चाचा."

चाचा हसले नाहीत. "भूत नाही हवालदारसाहेब, स्क्रू आहे. तो स्क्रू मी माझ्या हाताने मारला आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेला वायपर होता आणि त्याची वायर छताच्या कापडाखालून जात होती. छत नव्याने शिवताना पट्टीचा एक स्क्रू जास्त खोल गेला आणि वायपरची व दिव्याची, अशा दोन्ही वायरींना एकत्र टोचून बसला. तेव्हापासून वायपर लावला की दिवा लागायचा. "गिऱ्हाईकाची गाडी असती तर त्याच दिवशी उघडून दुरुस्त केली असती. स्वतःची होती, म्हणून राहू दिलं. पोरी हसायच्या. साहेब, अशी खोड दुनियेत दुसऱ्या कोणत्या गाडीला असेल?"

मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. सगळी नोकरी सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेली. स्वतः चालवली ती फक्त मोटरसायकल. पण हरवलेली वस्तू माणसं कशी ओळखतात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. बाई आपला हंडा त्याच्या पोच्यावरून ओळखते, शेतकरी बैल त्याच्या शिंगावरून. नंबर आणि पावती ही आम्हा पोलिसांची भाषा. मी चाचांना बसवलं आणि चहा सांगितला.

तो आवाज आला होता गाडीवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर. चंद्रपूर-गडचिरोलीकडची गाडीवेडी माणसं त्यात होती: शिक्षक, खाणीतले कामगार, दुकानदार, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले दोघे-तिघे. चाचांनी मला मागचं सगळं वर-खाली करून दाखवलं. कोळशाच्या धुळीने एअर फिल्टर किती दिवसांत भरतो, धानकापणीच्या दिवसांत उंदीर वायरी कुरतडतात त्यावर काय उपाय, रानडुक्कर आडवं गेलं तर ब्रेक मारायचा की नाही, टायर पुढचे मागे कधी करायचे. एकेका प्रश्नावर वीस-वीस उत्तरं आणि भांडणं. ती बाई त्या ग्रुपमधली एकटीच बाई होती. टाइप करायला वेळ लागतो म्हणून बोलून पाठवायची. तिच्या प्रश्नावरही उत्तरांची रांग लागली होती. कुणी अर्थिंग म्हणत होतं, कुणी फ्यूज, कुणी बॅटरी.

"तुम्ही उत्तर नाही दिलं?" मी विचारलं.

"नाही दिलं. पहिले तुमच्याकडे आलो. उत्तर दिलं असतं आणि गाडी गायब झाली असती, तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चामोर्शी तालुक्यात गेलो. तिकडच्या ठाण्याला कळवलं, डायरीत रवानगी टाकली. मी, हवालदार आणि एक महिला शिपाई, सगळे साध्या कपड्यांत, चाचा सोबत. ग्रुपवरून एवढंच कळवलं होतं की एकजण गाडी बघायला येतो आहे.

गाव भातखाचरांच्या, तिकडच्या भाषेत धानाच्या बांध्यांच्या, मधोमध होतं. घरासमोर मांडवाखाली पांढरी गाडी उभी. बाई पंचेचाळिशीच्या. पदर खोचलेला, हातात पुसायचं फडकं. नवऱ्याला लांबचं नीट दिसत नव्हतं, म्हणून चाळिशीत त्या स्वतः गाडी शिकल्या होत्या. आठवडी बाजाराला गावातल्या बायांना न्यायच्या, आणि कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की लोक त्यांच्याच दाराशी यायचे.

"आले का भाऊ? ग्रुपवरूनच ना?" त्यांनी चाचांना विचारलं.

"हो बाई."

"पाहा बरं. सारे वेगवेगळं सांगून राह्यले."

चाचा गाडीत बसले. चाबी फिरवली, गाडी चालू झाली नाही. दुसऱ्यांदा फिरवली, झाली. त्यांनी मागचा वायपर लावला आणि छतातला दिवा पेटला. भर दिवसाही तो पिवळा उजेड मला बाहेरून दिसला. मग ते उतरून मागच्या सीटवर गेले, हात वर नेला आणि छताच्या कापडावर एका जागी तळवा ठेवला.

मी बाईंना ओळखपत्र दाखवलं आणि गाडी चोरीची असल्याचा संशय आहे, असं सांगितलं.

त्या घरात जाऊन प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. नोंदणीचं पुस्तक, विमा, हस्तांतराचे कागद, सगळं त्यांच्या नावावर. नंबरप्लेट कागदाशी जुळत होती. चासीवरचा नंबरही जुळत होता. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ती चंद्रपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून घेतली होती.

हवालदार मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, चोरीचा माल ताब्यात. अटकेचा फॉर्म काढू?" सांगायला हवं, की त्या क्षणी माझ्याही मनात तेच होतं. दीड वर्षाचा न लागलेला गुन्हा समोर उभा होता आणि तो एका सहीत निकाली निघणार होता.

बाईंनी ते ऐकलं असावं. त्यांनी चाबी मुठीत धरली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, चोरीची गाडी घेणारी बाई साऱ्या जगाले इचारत बसन का, माया गाडीले काय झालं म्हणून? लपवन नं थे!"

इतक्या वर्षांत मी चोरीचा माल बाळगणारे अनेक पाहिले होते. ते वस्तू झाकतात, शेजाऱ्यालाही दाखवत नाहीत. या बाईने आपल्या गाडीची दुखणी शेकडो अनोळखी माणसांना आवाजात सांगितली होती. मी हवालदारांना म्हणालो, "फॉर्म राहू द्या. जबाब घ्या. साक्षीदार म्हणून."

दोन पंच बोलावले. चाचांना गाडीपासून लांब उभं केलं आणि पंचांसमोर विचारलं, छत उघडलं तर काय सापडेल? ते म्हणाले, "मागून दुसऱ्या पट्टीत स्क्रू, दोन्ही वायरींतून गेलेला. आणि त्या जागी कापडाला आतून अस्तर. अस्तराचं कापड कमी पडलं होतं म्हणून घरच्या चादरीचा तुकडा लावला. हिरव्या पानांची, लाल फुलांची चादर."

हवालदारांनी पट्टी काढली. स्क्रू दोन्ही वायरींतून आरपार गेलेला होता. कापड खाली ओढलं तर आत हिरवी पानं आणि लाल फुलं, रंग न विटलेली. दलालाने सीटची कव्हरं बदलली होती, पायपोसं बदलली होती, काचांवरचे जुने स्टिकर खरवडले होते. छताकडे मात्र त्याने पाहिलं नव्हतं.

बाई पुढे आल्या आणि ते कापड बोटाने चाचपलं. मग चाचांना म्हणाल्या, "भाऊ, गाडी तुमचीच हाय. आता मी काय म्हनू."

पंचनामा झाला, गाडी जप्त केली. आमचा माणूस ती चालवायला बसला तेव्हा बाई खिडकीशी आल्या आणि त्याला म्हणाल्या, "पयल्या चाबीले चालू नाई होत, दुसऱ्या चाबीले फिरवा." मग माझ्याकडे वळल्या. "साहेब, शेजारची लेक आठव्या महिन्यात हाय. उद्या तिची तपासणी हाय. तिले कोन नेन?"

जप्तीच्या कागदात तसा रकाना नसतो. उत्तर चाचांनी दिलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये बसून त्यांनी ग्रुपवर केवळ इतकंच टाकलं की, आपल्या चामोर्शीच्या बाईंची गाडी उद्या बंद आहे आणि एका पोरीला दवाखान्यात न्यायचं आहे. वाटेतलं मूल हे गाव ओलांडायच्या आत तिघांचे निरोप आले. सकाळी मूलचे एक मास्तर आपली गाडी घेऊन गेले आणि त्या मुलीची तपासणी करवून तिला परत घरी सोडून आले.

आता दलालाकडे वळायचं होतं. मी त्याला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साहेब-साहेब, आणि कागद तयार.

"साहेब, कागद बघा ना. सगळं क्लिअर आहे. पहिल्या मालकाकडून घेतली, दोन वर्षं मी स्वतः वापरली, मग बाईला विकली. घरची गाडी होती."

दोन तास मी त्याला माझ्या नेहमीच्या रीतीने विचारलं. कुठून घेतली, साक्षीदार कोण, व्यवहार कुठे झाला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं, कारण असे प्रश्न कधीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती उत्तरं आधीच घोटून ठेवली होती. मी त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आणि त्या संध्याकाळी बाईंचा जबाब पुन्हा वाचायला घेतला. त्यात एक वाक्य होतं, जे पहिल्या वाचनात मी ओलांडून गेलो होतो: "त्याने सांगितले की मी स्वतः दोन वर्षे चालवली आहे. चालवली असती तर सकाळची दोन चाब्यांची गोष्ट मला का सांगितली नाही?"

मी चाचांना फोन केला. "चाचा, स्वतःची गाडी रोज वापरणाऱ्या माणसाला काय काय माहीत असतंच? तपासाचं काही न सांगता तुमच्या लोकांना विचारता येईल?"

चाचांनी तसा प्रश्न ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला होता. मी त्यातले दहा-बारा प्रश्न कागदावर उतरवले आणि प्रत्येकासमोर चाचांकडून व बाईंकडून वेगवेगळं उत्तर घेतलं. दोघांची उत्तरं जुळली.

दलाल आला. मी त्याला चहा दिला आणि गप्पा मारल्यासारखं सुरू केलं.

"डिझेलचं झाकण कुठून उघडायचं त्या गाडीचं?"

"आतून, साहेब. सीटजवळ दांडी असते."

"ती दांडी तुटलेली आहे. डिकीतून दोरी ओढावी लागते."

"हां, म्हणजे... नंतर तुटली असेल."

"बरं. सकाळी गाडी कशी चालू करायचात?"

"कशी म्हणजे? चाबी फिरवली की चालू. नंबर एक इंजिन आहे."

"मागची डावी काच?"

"एकदम मस्त चालते."

ती काच अर्ध्यावर अडायची. बाहेरून तळहाताने दाबल्याशिवाय खाली जात नव्हती. चाचांकडे असतानाही आणि बाईंकडेही.

"स्टेपनी कुठे आहे? जॅक कुठे? गाडी डावीकडे ओढायची की उजवीकडे?" तो अंदाजाने उत्तरं देऊ लागला. मी प्रत्येक उत्तर त्याच्यासमोर लिहून घेत होतो. आठव्या प्रश्नावर तो थांबला. समोरचा कागद त्याने उलटा वाचायचा प्रयत्न केला, मग पाणी मागितलं.

मी म्हणालो, "तुम्ही ही गाडी दोन वर्षं तर सोडाच, दोन दिवससुद्धा चालवलेली नाही."

खोट्या कागदाचा बचाव त्याने तयार ठेवला होता. आपल्याच गाडीची काच कशी उघडते, हे कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. ना मी आवाज चढवला, ना टेबलावर हात आपटला. पाणी पिऊन तो बोलायला लागला. ट्रकखाली चेपलेली याच बनावटीची गाडी त्याने भंगारातून घेतली होती, तिचे कागद आणि चासीचा नंबर असलेला पत्रा काढून चोरीच्या गाडीवर बसवला होता. गाडी उचलणाऱ्याचं नाव त्याने दिलं, पत्रा जोडणाऱ्याचंही दिलं. तशाच आणखी दोन गाड्या निघाल्या. प्रयोगशाळेच्या तपासणीत वेल्डिंगचा जोड आणि मूळ नंबर स्पष्ट झाला. मी न्यायालयात पुन्हा तपासाची परवानगी घेतली आणि जो तपास मीच बंद केला होता, तो मीच उघडला.

न्यायालयाने गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, चाचांना दिली. दलालाकडून जप्त केलेल्या रकमेतून बाईंचे पैसे पुढे त्यांना परत मिळाले, पण ते मिळायच्या आधीच ग्रुपवाले कामाला लागले होते. एका रविवारी मूलजवळच्या एका चहाच्या टपरीवर विकाऊ गाडी तपासायला डझनभर माणसं जमली. मीही गेलो होतो. कुणी गाडीखाली झोपून स्प्रिंगचे पाटे बघत होतं, कुणी काचेवरचा छोटा आकडा वाचून काच कोणत्या साली बनली ते सांगत होतं, कुणी ऑइलचं झाकण काढून धूर निघतो का ते पाहत होतं. दोघांचं तर क्लच प्लेटवरून चांगलंच वाजलं. बाई तासभर बाजूला उभ्या राहून सगळं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं साऱ्याइचं झालं असन तं आता मले चालवू द्या." एकट्याच बसल्या, पुलापर्यंत गेल्या, वळवून परत आल्या. उतरून दार लावलं, पुन्हा उघडून पुन्हा लावलं. "ही चालन मले."

चाचांनी त्या दिवशी आपली गाडी आणली होती. मी विचारलं, तो स्क्रू काढला का? ते म्हणाले, "काढला साहेब. एक खोड गेली. बाकीच्या राहू द्या."

पुढे खटला उभा राहिला. बाई सरकारी साक्षीदार होत्या. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांना हलकं करायचा प्रयत्न केला. "बाई, तुम्ही शेती करता. गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

बाई गडबडल्या नाहीत. "मले चालवता येते साहेब. बाकी जे समजत नाई, थे इचारा लागते. इचारायले मले लाज वाटत नाई." मग त्यांनी त्या गाडीची एकेक सवय सांगायला सुरुवात केली. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं आणि त्यांना पूर्ण बोलू दिलं. आरोपींना शिक्षा झाली.

त्या साक्षीच्या दिवशी दुपारी मी न्यायालयाच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो. पलीकडच्या बाकावर बाई डबा उघडून बसल्या होत्या. तेच वकील साहेब चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, चढावर माझ्या गाडीचा एसी लावला की गाडी दम खाते. काय असेल?"

बाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "किती वर्साची हाय गाडी?" त्यांनी विचारलं, आणि वकील साहेब बाकावर बसले.

या प्रकरणानंतर मी नव्या फौजदारांना एक गोष्ट सांगत आलो. कागद पाहाच, नंबर पाहाच. पण ती वस्तू जो रोज हाताळतो त्याच्याजवळ बसून आधी त्याच्याकडून ती समजून घ्या. आणि समोरचा माणूस मोकळेपणाने प्रश्न विचारत असेल, तर त्याच्यावर संशय घ्यायच्या आधी थोडं थांबा. मी त्या दिवशी थांबलो, हे माझ्या हुशारीचं लक्षण नव्हतं. एका बाईने मला थांबवलं. सेवेत मला थोडी बक्षिसं आणि प्रशस्तिपत्रं मिळाली, ती घरी कुठेतरी असतील. पण न भरलेला तो अटकेचा फॉर्म मला त्यांच्यापेक्षा मोलाचा वाटतो.